निर्जन कोणासाठी? ठाण्याचा नग्नसंघ, र. धों. कर्वे आणि एक खडप

घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याला उतरून डोंगराच्या दिशेने आत गेले की वनखात्याचे निसर्ग परिचय केंद्र लागते. त्याच्या बरेच अलीकडे, इमारतींच्या दाटीत, माझी दोन खोल्यांची जागा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराची एक हिरवी पट्टी अजून दिसते. समोरच्या टॉवरचे मजले असेच चढत राहिले तर पुढच्या दिवाळीपर्यंत तीही जाईल. या डोंगरापलीकडे जंगलात तुळशी तलाव आहे. पंचवीस वर्षे मी ही पट्टी बघत चहा पितो आहे, पण तिच्यापलीकडे १८९१ साली काय घडले हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

घडले ते थोडक्यात सांगतो. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाचे विधुर गृहस्थ तेव्हा ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. त्यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ या नावाचा एक संघ काढला. मराठीत त्याला ‘नग्न विश्वासाचा बंधुसंघ’ म्हणता येईल. सभासद तीन : स्वतः न्यायाधीश आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. स्त्री सभासद एकही नाही. शक्य असेल तेव्हा आणि शक्य असेल तिथे पूर्ण विवस्त्र राहायचे, हा नियम. चष्मा आणि कवळी यांना मात्र सूट होती. जमण्याच्या जागा म्हणजे माथेरान आणि आमच्या डोंगरामागची तुळशी. हे सगळे आपल्याला माहीत आहे ते क्रॉफर्ड यांनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रांमुळे. कार्पेंटर म्हणजे यंत्रसंस्कृतीला कंटाळून शेफील्डजवळच्या खेड्यात राहायला गेलेला, बूट टाकून स्वतः चपला बनवणारा, साध्या राहणीचा प्रचारक. त्याची कागदपत्रे शेफील्डच्या दप्तरखान्यात आहेत. पुढे न्यायाधीशांची रत्नागिरीला बदली झाली, संघ संपला, आणि १८९४ मध्ये ते वारले.

जगातील पहिली ज्ञात नग्नतावादी संस्था ती हीच. जर्मनीतल्या प्रसिद्ध वसाहती विसाव्या शतकातल्या.

वर्षा-दोन वर्षांतून एकदा ही कथा कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात येते. तिचे दोन सूर ठरलेले आहेत. एक, गालातल्या गालात हसण्याचा : बघा, साहेब काय करत होते. दुसरा, अभिमानाचा : पहिली आगगाडी ठाण्यालाच आली, पहिला नग्नसंघही आमचाच. माझे भांडण या दोन्ही सुरांशी आहे. हसणारा आणि अभिमान बाळगणारा, दोघेही एक शब्द न तपासता गिळतात. तो शब्द म्हणजे ‘निर्जन’. “तुळशीच्या निर्जन काठावर”, “माथेरानच्या निर्जन रानात” असे लिहून सगळे पुढे जातात. मी स्वतः चार वर्षांपूर्वी एका स्थानिक साप्ताहिकात याच विषयावर लिहिले तेव्हा हाच शब्द वापरला होता. म्हणजे ही टीका माझ्यापासून सुरू होते.

तुळशी निर्जन होती का? तुळशी हा काही आदिम तलाव नव्हे. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी १८७२ च्या सुमारास त्याचे काम हाती घेतले गेले आणि १८७९ मध्ये ते पुरे झाले. क्रॉफर्ड यांच्या वेळी तो जेमतेम बारा वर्षांचा होता. पिण्याच्या पाण्याच्या तलावाभोवती माणसे आणि गुरे नकोत, हा नगरपालिकांचा जगभरचा नियम. तिथे जो एकान्त होता तो सरकारी खर्चाने बांधलेला होता, धरणाच्या भिंतीसारखाच. आजही तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. तलावात मगरी आहेत. त्यांना परवानगी लागत नाही आणि कपडेही.

आणि डोंगर? येऊरचे वारली पाडे त्याही वेळी डोंगरावर होतेच. पण त्या काळात या जिल्ह्याच्या जंगलात आदिवासी माणसाने लाकूड तोडायचे की नाही, राब जाळायचा की नाही, यावरून इतका असंतोष होता की सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. म्हणजे रान राखीव होत होते, त्यात शिरणारा वारली गुन्हेगार ठरू शकत होता, आणि चार वर्षांनी त्याच जिल्ह्याच्या सर्वोच्च न्यायाधीशाला रानात एकान्त सापडला. या दोन गोष्टींचा संबंध कुठल्याही लेखात लावलेला मी वाचलेला नाही.

माथेरानचे तर आणखी सोपे आहे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ ची. १८९१ मध्ये साहेब वर जाणार ते घोड्यावर किंवा डोलीत. डोली म्हटली की भोई आले. खांद्यावर दांडा घेऊन घाट चढणारे हे भोई अंगावर काय घालत असतील याची कल्पना वाचकांनी करावी. लंगोटीतल्या माणसांच्या खांद्यावरून, पूर्ण कपड्यांत, कपडे काढण्यासाठी डोंगरावर जायचे! क्रॉफर्ड नेमके कसे चढले ते मी सांगू शकत नाही, पण त्या काळी चढण्याचे मार्ग एवढेच होते.

इथे मी दोन मजकूर शेजारी-शेजारी ठेवतो. पहिला, मुंबई सरकारने १८८२ मध्ये छापलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यात वारली, कातकरी, ठाकूर यांच्या राहणीची जमातवार वर्णने आहेत : घर कसे, खाणे काय, अंगावर किती कपडा. या वर्णनांत कपड्याचे अपुरेपण हे मागासपणाचे माप आहे. दुसरा मजकूर, नऊ वर्षांनंतरची क्रॉफर्ड यांची पत्रे. संघाचे हेतू त्यांनी शारीरिक, नैतिक आणि सौंदर्यविषयक असे विभागून मांडले आहेत. एकाच जिल्ह्यात, एकाच सरकारच्या दोन शाखांमधून निघालेल्या या कागदांत उघडे शरीर एकदा दारिद्र्य आहे आणि एकदा तत्त्वज्ञान. फरक शरीरात नाही. कपडे काढून ठेवलेल्या माणसाचे कपडे खुंटीवर असतात. ज्याला ते मुळात मिळालेलेच नाहीत त्याला काढायचे काय?

क्रॉफर्ड यांना मी ढोंगी म्हणत नाही. उलट, जितके वाचले तितकी मला त्यांच्याविषयी माया वाटू लागली आहे. मुंबई इलाख्यातल्या उन्हात, गळाबंद कोटात, खटल्यामागून खटला ऐकणारा एक एकटा माणूस. शरीराला हवा लागावी एवढीच त्याची इच्छा. ती त्याने लपवली नाही, निदान एका माणसापाशी तरी नाही. त्याने त्याचा संघ केला, नियम लिहिले. न्यायाधीशाला नियमाशिवाय करमत नसावे. ‘ट्रस्ट’ हा शब्द त्याने घेतला तो मला फार बोलका वाटतो. ज्यांच्यासमोर मी उघडा होऊ शकतो ते माझे विश्वासाचे, असा तो अर्थ. असे विश्वासाचे त्याला लाखोंच्या मुलखात दोन मिळाले.

रत्नागिरीच्या बदलीकडे म्हणूनच मी वेगळ्या नजरेने बघतो. रत्नागिरी म्हणजे खडकाळ किनारा. भगवती किल्ल्याच्या पायथ्यापासून उत्तर-दक्षिण कुठेही जा, दोन खडपांच्या मध्ये लपलेली वाळूची चंद्रकोर सापडते. ब्रह्मदेशचा राजा थिबा तेव्हा तिथेच नजरकैदेत होता. सरकारच्या लेखी ती माणसे दूर ठेवण्याचीच जागा होती. नग्नतावाद्याला याहून सोयीचे ठिकाण कुठले? तुळशीला धरण बांधावे लागले होते, इथे निसर्गानेच आडोसे केले होते. पण संघ नेमका इथे येऊन संपला. एकान्ताची कमतरता नव्हती. कमतरता होती ती त्या दोघांची. माझ्या मते या सगळ्या कथेतला कळीचा पुरावा हा आहे. नग्नतेला ‘कोणीही नसलेली’ जागा हवी असते असे आपण समजतो. ते खरे असते तर न्यायाधीशसाहेब रत्नागिरीला सुखी झाले असते. तिला हवी असतात ती मोजकी आपली माणसे, आणि बाकीच्यांनी तिथे नसणे. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात.

बाकीच्यांनी नसणे आपोआप होत नाही, ते कोणीतरी घडवून आणते. फ्रान्सच्या दक्षिणेला ईल द्यू लव्हाँ नावाचे खडकाळ बेट आहे. दुर्व्हील आडनावाच्या दोन डॉक्टर भावांनी १९३१ मध्ये तिथे ‘हेलिओपोलिस’ हे नग्नतावाद्यांचे गाव वसवले. ते आजही चालू आहे. पर्यटनाच्या पुस्तकांत त्याचे वर्णन स्वर्ग असे येते. त्याच बेटावर १८६१ ते १८७८ या काळात मुलांची तुरुंग-वसाहत होती आणि तिथे शंभराच्या आसपास मुले दगावली. आज बेटाचा बराच मोठा भाग फ्रेंच आरमाराकडे आहे. कैदी मुले गेली, आरमाराने कुंपण घातले, आणि उरलेल्या कोपऱ्यात स्वर्ग. तुळशीचे गणित तिथेही तसेच सुटते.

आता मराठीकडे येतो. मराठीत नग्नतेची बाजू घेऊन सलग, निर्भयपणे आणि तोटा सोसून लिहिणारा माणूस एकच : रघुनाथ धोंडो कर्वे. विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी ती नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापत. नग्नता आणि अश्लीलता या वेगळ्या गोष्टी आहेत, लाज ही सवयीची बाब आहे, युरोपात लोक संघ करून उघड्यावर विवस्त्र राहतात आणि त्याने कोणाचे नीतिधैर्य ढासळत नाही, ही त्यांची भूमिका. १९३१ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा झाला. दुसऱ्या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले होते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

(एक योगायोग नोंदवतो, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. रघुनाथरावांची आई राधाबाई बाळंतपणात वारल्या तेही साल १८९१. ठाण्यात तिघे पुरुष शरीराच्या मुक्तीचे नियम लिहीत होते त्याच वर्षी कोकणातल्या मुरूडच्या कर्व्यांच्या घरात एक बाई शरीरामुळे मेली. कर्व्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाची मुळे या घटनेत आहेत असे अनेकांनी म्हटले आहे. मला ते पटते.)

कर्व्यांचे मोठेपण मला कोणी शिकवायला नको. मी शाळेबाहेर जे काही शिकलो त्यात ‘समाजस्वास्थ्य’च्या जुन्या अंकांचा वाटा मोठा आहे. क्रॉफर्ड यांच्यापेक्षा ते एका बाबतीत कितीतरी पुढे होते. त्यांनी एकान्त मागितला नाही. जे म्हणायचे ते मुंबईच्या मधोमध, टपालाने घरोघर जाणाऱ्या मासिकात म्हटले. क्रॉफर्ड यांचा संघ पकडला गेला नाही कारण तो लपलेला होता आणि वर साहेबांचा होता. कर्वे कोर्टात उभे राहिले कारण ते लपले नाहीत.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो सौम्य करून मांडण्यात अर्थ नाही. कर्व्यांच्या युक्तिवादात शरीर हे नेहमी एका सुट्या व्यक्तीचे असते. तिला लाज शिकवली गेली, ती विवेकाने टाकून देऊ शकते. गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल असा हा युक्तिवाद आहे, एका पायरीवरून दुसरीवर. पण कपडा ज्याला नाकारला गेला आहे अशा माणसाला या पायऱ्यांवर जागाच नाही. त्रावणकोरात नाडार बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी दशकानुदशके झगडावे लागले. राजाचा जाहीरनामा निघाला तो १८५९ मध्ये. लांब कशाला जायचे? ‘समाजस्वास्थ्य’ निघाले त्याच १९२७ साली, डिसेंबरात, महाडला जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की तुमच्या जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा. पुष्कळ बायकांनी तिथल्या तिथे तसे केले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे पायघोळ झाले. शरीर झाकण्याची ती क्रांती होती.

तोच माणूस सात वर्षांनी नग्न मुखपृष्ठाच्या मासिकाचे वकीलपत्र घेतो. कर्व्यांवरील नाटक-सिनेमांत हा प्रसंग येतो तेव्हा उदारमतवादाचा विजय म्हणून येतो आणि महाडचे लुगडे कोणाला आठवत नाही. मला हे दोन प्रसंग एकत्र वाचल्याशिवाय दोन्ही कळत नाहीत. वरवर पाहता एका ठिकाणी बाबासाहेब अंगावर कपडा वाढवायला सांगतात आणि दुसऱ्या ठिकाणी कपडा नसलेल्या चित्राच्या बाजूने उभे राहतात. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : या शरीराविषयी शेवटचा शब्द कोणाचा? गावाचा, मॅजिस्ट्रेटचा, की ज्याचे ते शरीर आहे त्याचा? नग्नतावादाची खरी मराठी मीमांसा करायची तर ती या ठिकाणाहून सुरू करायला हवी. कर्व्यांनी ती केली नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता आणि शत्रू पुष्कळ होते, हेही खरे.

आपली भाषा हा भेद बरोबर ओळखते. ‘उघडा’ हा शब्द आजोबांसाठी आहे. ओटीवर उघडे बसले होते म्हटले तर कोणाच्या भुवया वर जात नाहीत. ‘नागडे’ लहान मूल असते, किंवा शिवी असते. ‘नग्न’ हा चित्रकलेच्या वर्गातला आणि ‘दिगंबर’ देवळातला. सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरला नागा साधू लाखोंच्या गर्दीतून जातात तेव्हा आपण हात जोडतो. त्यांच्यासाठी वाट मोकळी करायला पोलीस असतात. आणि ‘विवस्त्र’? वर्तमानपत्रांची कात्रणे काढून बघावीत. हा शब्द बहुतेक वेळा ‘करून’ या शब्दाला चिकटून येतो, आणि त्याच्यापुढे ‘धिंड’ येते. ती बहुतेक वेळा बाईची असते, आणि बाईची जात विचारावी लागत नाही. याच महाराष्ट्रात हे सगळे शब्द एकत्र नांदतात. वर क्रॉफर्ड यांच्या नियमासाठी मी ‘विवस्त्र’ हाच शब्द वापरला आहे. तो मी खोडणार होतो, पण मुद्दाम ठेवला.

इथपर्यंत मी इतरांविषयी लिहिले. आता माझ्याविषयी.

१९९१ च्या डिसेंबरात, म्हणजे क्रॉफर्ड यांच्या संघानंतर बरोबर शंभर वर्षांनी (हे तेव्हा मला ठाऊक नव्हते), आमच्या कारखान्यातल्या चौदा जणांनी वर्गणी काढून गोव्याची सहल केली. मी एकवीस वर्षांचा होतो. मंगेशी, शांतादुर्गा झाले, जुन्या गोव्याची चर्चेस झाली. पण सहलीचा खरा हेतू सगळ्यांना माहीत होता आणि कोणी उच्चारत नव्हता. हणजुण्याला गोरी माणसे कपड्यांशिवाय झोपतात, ती बघायची. महाराष्ट्र-कर्नाटकातून अशा बसगाड्या तेव्हा कितीतरी जात. हिप्पी साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे येऊ लागले होते; किनाऱ्यावर नग्नतेला मनाई असल्याचे इंग्रजी फलकही एव्हाना लागले होते. बाहेरून येणाऱ्या या पर्यटनाने आपल्या गावाचे काय होते आहे, असा सवाल गोव्यातल्या ‘जागृत गोंयकारांची फौज’सारख्या संघटना त्याच सुमारास करत होत्या. आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. एकाकडे दुर्बीण होती.

खडकांच्या वर उभे राहून आम्ही आळीपाळीने बघितले. खाली एक बाई पालथी पडून पुस्तक वाचत होती. चाळिशीची असेल. चौदा पुरुषांचा हशा ऐकून तिने वर पाहिले, उठून बसली आणि टॉवेल गुंडाळून घेतला. त्या क्षणी ती नागडी झाली. तोपर्यंत ती नुसती ऊन खात होती.

माझी पाळी नववी होती. मी दुर्बीण हातात घेतली आणि बघितले. पुढे ती दिली नसती तर बरे झाले असते असे आज वाटते, पण मी दिली.

वर ज्या कलमाचा धाक या सगळ्याला आहे ते बघावे. भारतीय दंड संहितेचे कलम २९४, जे क्रॉफर्ड यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८९५ मध्ये, नव्याने लिहिले गेले. आता भारतीय न्याय संहितेत ते २९६ झाले आहे. त्याचा गाभा असा की सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करून इतरांना त्रास दिला तर तो गुन्हा. २०२० मध्ये मिलिंद सोमण समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावले तेव्हा गोव्यात त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला तो याच कलमाखाली. कायद्यात ‘इतर’ हा शब्द आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पण त्या दिवशी हणजुण्याला त्रास कोणी कोणाला दिला? कायद्याच्या भाषेत ‘इतर’ आम्ही होतो.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा गोव्याला गेलो, एकटा. पेडणे तालुक्यातल्या एका किनाऱ्याच्या टोकाला खडप ओलांडून गेले की एक लहानशी वाळूची खाच आहे आणि तिथे अजून काही परदेशी लोक कपड्यांशिवाय बसतात, असे कळले होते. जागेचे नाव मी देत नाही. नाव छापले की तिकडे बस सुरू होते. पहाटे निघालो. ओहोटी होती. शेवाळावरून घसरत, दोनदा ढोपर फोडून घेत, मी अर्ध्या तासात पोचलो. तिथे चौघे होते. दोन म्हातारे, एक मध्यमवयीन जोडपे. एकाने हात वर करून ओळख असल्यासारखा नमस्कार केला. मी शर्ट काढून बसलो. त्याहून पुढे धाडस झाले नाही, आणि पुस्तकी कारणे कितीही देता आली तरी खरे कारण लाज हेच. माझ्या पोटावर शस्त्रक्रियेची लांब खूण आहे. म्हाताऱ्यांपैकी एकाच्या छातीवरही तशीच होती. त्याने माझ्याकडे पाहिले, आपल्या खुणेवर बोट ठेवले आणि हसला. क्रॉफर्ड यांचा ‘ट्रस्ट’ मला कळला असेल तर तो तेवढ्या क्षणापुरता.

मग खडपावर एक बाई दिसली. साठीची, लुगडे वर खोचलेले, हातात छोटी कोयती, बाजूला पाटी. ती कालवे फोडत होती. ती आमच्या आधीपासून तिथे होती. मी आलो तेव्हाही असणार. मी बघितले नव्हते, कारण मी निर्जन जागा बघायला आलो होतो. एकेक खडक करत ती खाली उतरली, त्या चौघांच्या मधून, कोणाकडेही न बघता गेली आणि माझ्याजवळच्या खडकाशी वाकली. मी विचारले, या लोकांचे काही वाटत नाही का?

“आमकां काय? तेंचा आंग, तेंका थंडी,” ती म्हणाली.

हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतले. कर्व्यांनीही याहून नेमके लिहिले असते असे वाटत नाही. पण ती थांबली नव्हती. कालव फोडत, माझ्याकडे न बघता, तिने पुढचे सांगितले. पूर्वी या खडपावर सुकतीला सात-आठ बायका येत. सासू, सून, शेजारीण, बोलत बोलत काम व्हायचे. हे लोक बसू लागल्यापासून त्यांना बघायला वरून मुलगे येऊ लागले, मोबाइल घेऊन. हे लोक काही करत नाहीत, ते वाईट नाहीत. पण ते मुलगे खडपावर उभे राहिले की खाली वाकून कालवे कशी काढणार? लुगडे तर वर खोचावेच लागते. तरण्या बायकांनी यायचे सोडले. सुनेला ती स्वतःच आणत नाही. “माझां काय, माझां वय झालां.”

मी माझा शर्ट घातला.

भरती सुरू झाली होती. चौघांनी चटया उचलून मागे सरकवल्या. पाटी निम्मीच भरली होती. ती डोक्यावर द्यायला तिने मला हात लावायला सांगितले आणि मी लावला. मग ती ज्या बाजूने गेली तिकडे मला वाट दिसलीच नव्हती. मी घसरत आलो होतो त्या शेवाळापासून हातभर वर, खडकात, पाय ठेवण्यापुरते खळगे पडलेले होते, एकामागून एक, थेट वरच्या माडांपर्यंत.